नावेच्या टोकाशी एक केस

प्रोजेक्टरनं भिंतींवर चित्रं दाखवणाऱ्या प्रदर्शनाच्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक मावशी आणि तिची भाची उभी होती.

“मावशी, संग्रहालयात वीस वर्षं ज्या चित्राची धूळ पुसलीस, तेच बघायला इथे तिकीट?”

“धूळ चौकटीची पुसायचे, ब्रशनं. चित्राला हात लावायची सोय नव्हती. तरी तिथला साहेब चारचौघांत म्हणाला, रंगावर केस चिकटलाय, तुझ्याच ब्रशचा. अन् मला जिने पुसायला धाडलं.”

“मग इथे काय कळणार?”

“इथे चित्र भिंतीएवढं करतात म्हणे. केस रंगाखाली असला, तर तो चित्रकाराच्याच ब्रशचा.”

“आणि वर असला तर?”

“तर माझा. बघू तर दे!”

आत अंधार होता. चारी भिंतींवर तेच चित्र पसरलं होतं, आणि त्यातली नदी चक्क हलत होती.

“अगं, पाणी पायावर आलं बघ!”

“येऊ दे मेलं. नावेचं टोक बघ. तिथेच होता केस.”

“काही नाही गं तिथे. गुळगुळीत आहे.”

“डोळे फाडून बघ.”

“बघितलं. कॉम्प्युटरवर पुसला असेल. चित्र साफ दिसावं म्हणून करतात तसं.”

“वा रे वा! माझ्यावर आळ घेतला, आणि यांनी केसच पळवला.”

“आता काय करायचं?”

“आता संग्रहालयात, खऱ्या चित्रापुढे जायचं. पुढच्या दारानं, तिकीट काढून. घरातलं भिंग घे.”

“आणि साहेब भेटला तर?”

“त्याच्याही हातात देईन भिंग. आधी माझं बघून होऊ दे.”