बॅनरवरचा फोटो

तुरुंगाबाहेर भेटीच्या रांगेत माझ्यापुढं दोन बायका उभ्या होत्या.

"रुखमाबाई, तुमच्या गोविंदानं पुढाऱ्याले काऊन मारलं? तो तं त्याच्याच मांगं फिरे."

"फिरे ना, गौसियाबी. त्याच्या वाढदिवसाचे बॅनर गावभर बांधे. खाली कोपऱ्यात बोटाएवढा याचाबी फोटो राहे."

"मंग?"

"औंदा फोटोच नव्हता. हा इचाराले गेला, तं चारचौघांत पुढारी म्हणे, तू कोण बे?"

"एवढ्यासाठी जीव घेतला?"

"मीबी तेच इचारलं. त्यानं फक्त पेपर मांगतला."

"कोणता?"

"खुनाची बातमी आली तो. त्यात दोघाईचे फोटो शेजारी-शेजारी हायेत, एकाच मापाचे."

"आन् तुम्ही आणला?"

"पिशवीत हाय. देऊ का नको, तेच समजून नाही राह्यलं."