रोमचा साप

लायडनहून निघालेली नाव काठावरचा घोडा ओढत होता. नावेतल्या प्रवासी हिल्ट्येसमोर शाळामास्तर वाउटर आणि जर्मन प्रोटेस्टंट पंडित मेलखिओर बसले होते.

"त्या इटालियन पाद्र्याला भेटायला थेट अँटवर्पला? अहो, त्यानं ग्रंथात तुम्हाला पिंप म्हटलंय!" वाउटर म्हणाला.

"बिअरचं पिंप. नीट सांगा. मीही त्याला रोमचा साप म्हटलं होतं. इटालियन तेवढे विष घालणारे, असंही लिहिलं होतं."

"मग?"

"मग इटलीत, पादुआत मला ताप भरला. पाखंडी म्हणून कुणी दारात उभं करेना. त्या सापानंच आपल्या खोलीत नेलं. चमच्यानं सूप भरवायचा अन् म्हणायचा, 'पाखंड्या, तोंड उघड. विष घातलंय.'"

"प्यायलात?"

"चाटूनपुसून! आज जिवंत आहे तो त्याच्यामुळे, मास्तर. आता त्याची दृष्टी गेलीय. वाचून दाखवायला चाललोय."

"बायबल?"

"छे, त्यावरूनच तर भांडण! माझा नवा ग्रंथ. त्याच्या मतांचं खंडन."

"आंधळ्या म्हाताऱ्याला?"

"त्यानंच बोलावलंय. म्हणाला, 'लवकर ये. इथे सगळे माझ्या होला हो करतात.'"

हिल्ट्येला हसू फुटलं. तिनं सरकून मेलखिओरला उन्हातली जागा दिली.