साखराच्या नावाचा कागद

— न्हाई न्हाई, दुर्गावहिनी, दळणाचा डबा राहू द्या, लाइट येईलच आत्ता. बसा त्या पोत्यावर. फक्त गप बसू नका, काहीतरी बोलत राहा — न्हाई तर मीच बोलतो. गिरणी बंद पडली का ह्या डाव्या कानात सुरू व्हतं. काय म्हंजे? शिट्टी. बारीक, एकसारखी. सत्त्याण्णवच्या दिवाळीपासून हाय. आधी वाटलं, बेरिंग गेलं. बदललं. मंग दुसरं बदललं. मंग एक दिवस घरी जेवून राह्यलो व्हतो, गिरणीला कुलूप, आन बेरिंग तरी वाजूनच राह्यलं.

कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, गिरणीच्या आवाजानं कान दुखावलाय, शिट्टी काही जायची न्हाई. त्यानंच जालन्याला एका बाईकडं धाडलं, मनाचं बघणाऱ्या. मला वाटलं गोळ्या देईल. गोळी न्हाई, सुई न्हाई — नुस्तं बोलणं! म्हन्ली, मल्हारीभाऊ, शिट्टी वाजली का मनात काय येतं? म्हन्लो, येडा व्हनार मी. दगडावर दगड घासला तर ऐकू येनार न्हाई, लोकान्चं पीठ जळंल, गिरणी बुडंल. तिनं वही घालून दिली. शिट्टी कधी वाजली, मनात काय आलं, आन खरं काय झालं. चार महिने लिहिलं. शेवटच्या रकान्यात काय यायचं? पीठ बराबर आलं. पीठ बराबर आलं. पानंच्या पानं! मंग म्हन्ली, शिट्टी हाय का गेली, हे कान दाबून बघणं बिलकुल बंद. रेडिओ बारीक लावून ठेवा, आन तिच्यासंगं भांडू नका. — वाजती, आत्ताबी वाजूनच राह्यली. पण आता मी तिच्या मागं लागत न्हाई, झोप लागती. भांडण मिटलं म्हना ना.

काय म्हन्लात? त्या बाईकडं तर माही बायको, साखरा, जायची?

...हां. निघालं तोंडातून. आता निघालंच, तर ऐका. दवाखान्याचा कागद साखराच्या नावाचा हाय, खरं हाय. पहिल्या दिवशी खिडकीवर नाव इचारलं, आन मागं उभा कोण? आपल्याच गल्लीतला कारभारी, आईला घेऊन आल्ता. गिरणीवाला येडा झाला म्हन्ल्यावर दळण कोण आणंल? माह्या तोंडून निघालं — साखराबाई. ती बाजूलाच उभी व्हती. तिनंच कागद हातात घेतला. आत गेल्यावर त्या बाईला मी खरं सांगितलं, तर ती म्हन्ली, गावातबी सांगा. मी हो म्हन्लो. आन दर खेपंला साखराला संगं नेलं, पेशंट तीच हाय असं जीपमधल्या लोकान्ला दिसावं म्हणून.

तुमच्याच नातवाचं बारसं व्हतं, वहिनी. साखरानं हात पुढं केले, तुम्ही म्हन्लात, भूक लागली लेकराला, आन आत नेलं. तुमचा काय दोष? येड्या बाईच्या मांडीवर तान्हं लेकरू कोण देईल? त्याच दिवशी ती वडीगोद्रीला भावाकडं गेली. म्हन्ली, गावाला तुमच्या तोंडून कळू द्या, मंग येते. तीन महिने झाले. वही अजून लिहितो. शिट्टी वाजली, मनात काय आलं — साखरा. खरं काय झालं — कुणालाच सांगितलं न्हाई. रोज तेच. लाज वाटती लिहायला.

तर सांगा आता साऱ्यान्ला. रागावू नका, पण तुमच्याइतकं जल्दी दुसऱ्या कुणाकडून व्हायचं न्हाई. सांगा, दवाखान्यात मल्हारी जायचा. येडी ती न्हवती, आन मीबी न्हाई, कानात शिट्टी व्हती नुस्ती. उद्या तिला आणायला जातो. दुपारच्या गाडीनं आष्टीच्या स्टँडवर उतरू. तवा वहिनी... नातवाला घेऊन याल का तिथं? एक घडी तिच्याजवळ द्यायला?

वहिनी?

...आली लाइट. सरका मागं, पीठ उडतं.