चौथं गाणं मधेच थांबतं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय चनमल्लप्पा अण्णा, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती धुळाप्पा बंडगर, त्यांच्या सौभाग्यवती चिमाबाई, ज्यांच्या अल्बमचं आत्ताच प्रकाशन झालं ते आपले लाडके कलावंत रत्नदीप, ऋतुजा आणि चनबसप्पा, जुळे सोलापूर रसिक मंडळाचे सर्व सभासद, आणि पंख्याखालच्या खुर्च्या वडीलधाऱ्यांना देऊन स्वतः मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझा सविनय जय भीम आणि नमस्कार.

मी नागनाथ सरवदे, मंडळाचा चिटणीस. माझी हयात रेल्वेत तिकिटं तपासण्यात गेली. त्यामुळे भाषण करण्यापेक्षा दंड करण्याची सवय जास्त. आजही खिशात छान लिहून आणलेलं भाषण आहे, त्यात 'मणिकांचन योग' वगैरे आहे. पण ते मी वाचणार नाही. का वाचणार नाही, ते सांगायलाच उभा आहे. कालपासून मी सुन्न आहे, म्हणून शब्द मागेपुढे झाले तर आपण सांभाळून घ्यावं.

आधी या मुलांचं कौतुक करतो. रत्नदीप नोकरीनिमित्त अमेरिकेत गेला. लोक तिकडून चॉकलेट आणतात, हा पाच तारांचा बँजो घेऊन आला. म्हणाला, तिथल्या डोंगराळ भागातल्या माणसांचं संगीत आहे, ब्लूग्रास म्हणतात. मी मंडळात नवा आलो तेव्हा अण्णांना विचारलं, म्हणजे काय हो? अण्णा म्हणाले, "निळं गवत. शेळ्यामेंढ्यांचं काहीतरी असेल की." हसा, हसा. अण्णाही हसतायत. पण ऐकलं तेव्हा कळलं, पायाला स्वस्थ बसू देत नाही असं ते वाजवणं आहे. ऋतुजानं व्हायोलिन धरलं, चनबसप्पानं त्याच्याहून उंच असलेलं ते बास धरलं. मेंडोलिनला माणूस मिळेना. तेव्हा कुणीतरी धुळाप्पांचं नाव सांगितलं.

धुळाप्पांना कोण ओळखत नाही? या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या वरातीपुढे त्यांचं मेंडोलिन वाजलंय. त्यांना ब्लूग्रास शिकवायला लागलं नाही. रत्नदीपनं एक चाल वाजवली, यांनी ती दुप्पट वेगात परत केली. वर विचारलं, "एवढंच हाय व्हय?"

आता या वाजवण्याची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. यात प्रत्येकाला वेगळा माईक नसतो. मधे एकच माईक, भोवती सगळे उभे. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, वाजवतो, मागे होतो. सगळ्यांचे डोळे एकमेकांच्या हातांवर. एक थांबला की सगळे थांबतात.

अल्बमचं ध्वनिमुद्रण झालं गेल्या एप्रिलमध्ये, सात रस्त्याला एका दुकानाच्या माडीवर. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. एप्रिलमध्ये सोलापुरात पंखा बंद, म्हणजे विचार करा! जीव गुदमरायला लागला म्हणून मागच्या गल्लीची खिडकी उघडली. भर दुपार, गल्ली शांत. चौथं गाणं सुरू झालं, 'उधळलेली शेरडं'. चाल धुळाप्पांचीच. अल्बममधलं सगळ्यात धावतं गाणं. आणि ऐन रंगात ते गाणं थांबतं. काही नाही. नुसती शांतता. मग जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा धावायला लागतं.

मंडळाच्या बैठकीत हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अण्णांनी फोन मांडीवर आपटला. मी म्हणालो, हँग झाला असेल. तेव्हा धुळाप्पा उठले आणि म्हणाले, "फोनला काय झालं न्हाय. खालनं मयत चाललं व्हतं. माजा हात थांबला, मग पोरंबी थांबली."

वरातीची रीत आहे ही. नवरदेवाला कितीही उशीर झालेला असो, मुलीचा बाप कितीही ओरडत असो, समोरून मयत आलं की वाद्यं खाली. ते पार पुढे गेल्याशिवाय काडी वाजवायची नाही. धुळाप्पांचा हात आयुष्यभर असा थांबत आला. त्याला कुठे ठाऊक, की आज वरात नाही, ध्वनिमुद्रण आहे?

मुलांनी ते गाणं नंतर पुन्हा वाजवून पाहिलं. पण तो रंग काही आला नाही. मग आम्ही सर्वांनी मिळून ठरवलं, मीही हात वर केला, की आज नुसतं प्रकाशन करावं, आणि मधली शांतता कापून मगच अल्बम इंटरनेटवर चढवावा. साधी गोष्ट. पण धुळाप्पांच्या मनाला ती लागली. "पोरांचं काम माज्यामुळं नासलं," म्हणाले. "आता हात माजं ऐकत न्हाईत. मी लेकाकडं जातो, मोहोळला." मुलांनी विनवलं. नाही ऐकलं. म्हणून आजचा हा निरोप समारंभ. पत्रिकेत आपण 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं छापलंय. ते खरं नाही, मित्रहो.

तर काल दुपारी रत्नदीपनं मला त्याचे हेडफोन दिले. म्हणाला, "काका, नेमकं कुठून कुठपर्यंत कापायचं, तेवढं ऐकून ठेवा." मी निवृत्त माणूस, मला वेळच वेळ. कान झाकून बसलो. शेरडं धावली, थांबली. आणि मला कळलं की ती शांतता रिकामी नाही.

लांब कुठेतरी रिक्षाचा हॉर्न आहे. कावळा आहे. मग चपलांचा आवाज येतो, पुष्कळ चपलांचा. कुणी हळू आवाजात त्रिशरण म्हणतंय. आणि मग एक माणूस बोलतो, "हळू रे बाबांनो. हळू चला. धक्का लागंल तिला."

मी म्हटलं, कोण हा? ओळखीचा आवाज वाटतोय. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं.

तो आवाज माझा आहे.

आम्ही तेव्हा त्याच गल्लीत राहत होतो. माझी पत्नी केसरबाई गेली, ती त्या एप्रिलमध्ये. तिला पाठीचं दुखणं होतं. स्कूटरवर मागे बसली की गतिरोधक दिसायच्या आधीच माझा खांदा दाबायची, हळू घ्या म्हणायची. त्या दिवशी तिला म्हणता येत नव्हतं, म्हणून मी म्हटलं असणार. मला आठवतही नव्हतं.

आठवत होतं ते वेगळंच. गल्लीच्या तोंडाशी आलो तर वर कुठेतरी धूमधडाक्यात वाजत होतं. मला संताप आला. माझं घर बसलं आणि यांना नाच सुचतोय! आणि पुढच्या पावलाला ते थांबलं. आम्ही पार होईपर्यंत थांबलेलं राहिलं. त्या दिवसांत कुणी काय सांत्वन केलं, मला एक शब्द सांगता येणार नाही. पण वाजवणारं कुणीतरी आपल्यासाठी थांबलं, एवढं मनात राहिलं. कोण ते, विचारायचं होतं. नंतर मुलीनं, मनालीनं, मला इकडे जुळे सोलापूरला आणलं, मी घरात कुढत बसू नये म्हणून तिनंच मला या मंडळात घातलं. ध्वनिमुद्रण कुठल्या गल्लीत, कधी झालं, ते मी कालपर्यंत विचारलंच नव्हतं. आणि मी दर रविवारी त्याच माणसाच्या शेजारी बसून चहा पीत होतो!

धुळाप्पा, उठू नका, बसा. काय म्हणालात? मागे ऐकू गेलं नसेल, मी माईकवर सांगतो. ते विचारतायत, "तुमची मंडळी व्हती व्हय ती?"

व्हय, धुळाप्पा. माझीच.

तुम्हाला माहीत नव्हतं कुणाचं मयत आहे. खिडकीतून वाकून पाहिलंही नाहीत, असं ऋतुजा सांगते. कुणाचंही असतं तरी तुम्ही थांबलाच असता. आणि असा हात बिघडलाय, असं आम्ही तुम्हाला वाटू दिलं?

अध्यक्ष महाराज, माझी मंडळाला हात जोडून विनंती आहे, चौथं गाणं कापू नका. ऐकणाऱ्याला फोन बिघडला असं वाटू दे. आणि धुळाप्पा, मोहोळला लेकाकडे जरूर जा, नातवंडं खेळवा. पण नासलं म्हणून जाऊ नका. मोहोळहून रविवारी सकाळी एसटी येते. आज टॉवेल, टोपी, नारळ आणलंय ते निरोपाचं न समजता सत्काराचं समजून घ्या.

सभागृह देणाऱ्यांचे, चिमाबाईंचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, मानपानात कमी-जास्त झालं असेल, मधेच माझा आवाज गेला असेल, तर आपलं माणूस म्हणून पोटात घाला.

आता रत्नदीप चौथं गाणं लावतोय. एकच सांगून बसतो. गाणं मधे थांबेल, तेव्हा टाळ्या वाजवू नका. खालून केसर जातेय. ती पुढे गेली की धुळाप्पा पुन्हा सुरू करतील.