जावयाने काढलेला जोडीचा फोटो

...आणि वर मलाच विचारतात, "बाबा, तुम्ही हललात का?" हललात का म्हणे! डोंगराच्या माथ्यावर वारा असा सुटलेला की माझी टोपी उडून केव्हाच खाली गेली, मी त्यांची ती कॅमेऱ्याची तिपाई दोन्ही हातांनी कवटाळून उकिडवा बसलोय, पोटऱ्यांत गोळे आलेत, आणि हे कॅमेऱ्याला डोळा लावून विचारतायत हललात का. अहो, जिवंत माणूस आहे मी, थोडा तरी हलणारच की!

तुम्हाला सांगतो, हे आमचे जावई. माणूस वाईट नाही, पोरीला जपतात, पाच दिवस कचेरीत मुकाट्याने खुर्ची उबवतात. पण रविवार उजाडला की यांच्या अंगात येतं. पाठीवर पोत्याएवढी पिशवी, त्यात कॅमेरा एकच आणि भिंगं ढीगभर, लांबचं बघायचं वेगळं, जवळचं बघायचं वेगळं, किड्याचं वेगळं... मला एका चष्म्यात सगळं दिसतं, ते सोडा... आणि चालले डोंगरात. डोंगर तरी कुठला? आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो तोच! पण नाही, तो चढूनच बघायचा. पोरगी हुशार. एकदाच गेली, पाय मुरगळला म्हणाली, तो अजून मुरगळलेलाच आहे. मग तिपाई वाहायला कोण? रिकामटेकडा सासरा!

बरं, एवढं चढून गेल्यावर फोटो काढावा की नाही? छे! उजेड बरोबर नाही. ऊन पडलं तर ऊन फार, ढग आले तर ढग फार, आणि दोन्ही जागच्या जागी असले तर हे भिंग बदलत बसलेले. तोवर उजेड गेला! मी जन्मभर सुतारकाम केलं. वीज गेली तर मेणबत्ती लावून रंधा मारला, पण गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही की बाबा रे, तुझं कपाट पुढच्या महिन्यात, उजेड बरोबर नाही.

आणि काढतात कशाचे? शेवाळ. वाळकी फांदी. एकदा एका किड्यापुढे पालथे पडले ते उठेचनात, मला वाटलं चक्कर आली. शेवटी किडाच कंटाळून निघून गेला. मग तो जिथे बसला होता त्या पानाचे काढले. घरी आल्यावर ते सगळ्यांनी बघायचे आणि वा म्हणायचं. मी म्हटलं, पान आहे. तर पोरगी माझ्याकडे असं बघते, जसा काही मी कुणाच्या मयतीत हसलो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा राग आहे तर जाता कशाला म्हाताऱ्या? अहो, हिच्यापायी! बायकोपायी. हिचं म्हणणं एकच, आपल्या दोघांचा मिळून असा एक फोटो नाही. आणि खरंच नाही हो. लग्नात फोटोवाला दिवसभर झगाझगा दिवे मारत हिंडला, पोटभर जेवला, आणि आठवड्याने तोंड पाडून सांगायला आला की रीळ घालायचं राहिलं. त्यानंतर निघाले ते ओळखपत्रांचे, हिचा वेगळा, माझा वेगळा, दोघंही फरारी दिसतो. मला त्याचं काही नाही, पण ही सारखी म्हणते, एक असावा, आपल्यामागं पोरीला बघायला.

म्हणून मी तिपाई वाहत राहिलो, आणि एक दिवस हिने जावयांना विचारलं. तर म्हणाले, आई, मी माणसांचे काढत नाही, निसर्गाचे काढतो. घ्या! किडा निसर्गात आणि सासू निसर्गाबाहेर! पोरीने डोळे वटारले तेव्हा कुठे कबूल झाले, पण घरात नाही म्हणाले. का? घरात उजेड बरोबर नाही! डोंगरावर चला.

निघाली ही बिचारी. गुडघे धरत, दगडा-दगडावर बसत, मला ढकलायला लावत, पण चढली. ठेवणीतला लाल स्वेटर घातलेला. कवळी टोचते म्हणून एरवी वाटीत पडलेली असते, ती सुद्धा बसवलेली, फोटोत हसायचं म्हणून. वर पोचल्यावर रुमाल ओला करून माझी कानशिलं पुसली, भांग पाडला. तेवढ्यात जावई म्हणाले, तुम्ही दोघं त्या समोरच्या कड्यावर जाऊन उभे राहा. मी बघतच राहिलो. मधे एवढी मोठी घळ! म्हटलं, तिथून आमची तोंडं दिसतील का? तर म्हणाले, बाबा, विश्वास ठेवा.

ठेवला. काय करता? घळीतून उतरलो, पलीकडे चढलो, कड्यावर खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. आणि मग? उजेड बरोबर नाही! ढग हलेपर्यंत उभे. हिची हसून हसून दातखीळ बसायची वेळ आली. मी म्हटलं, अगं तोंड मिट थोडं. तर म्हणे, मिटलं आणि नेमका तेव्हाच काढला म्हणजे? मग तिने माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, उघड्यावर कधी धरला नव्हता. बघायला होत्या दोन शेळ्या, पण तरी... जाऊ द्या. शेवटी ऊन आलं. पलीकडून जावई हात हलवायला लागले, बाजूला, बाजूला, असे. आम्हाला वाटलं, अजून हसा म्हणतायत. अजून हसलो.

फोटो लगेच दाखवला नाही. घरी नीट करतो म्हणाले. ही रोज विचारायची, ते रोज म्हणायचे, झालाच आई. मग एक दिवस म्हणाले, आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे, तिथेच बघा. ही परत कवळी घालून निघाली.

तर भिंतीवर दाराएवढा फोटो. डोंगर, डोंगर, नुसता डोंगर, वर आभाळ, आणि कडेला तिळाएवढा लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे माझी बायको! म्हटलं ठीक आहे, आणि मी? खाली वाकलो, चष्मा पुसला, नाक काचेला लावलं. मी नाहीच! आणि खाली फोटोचं नाव काय असेल? 'एकटी'! अहो, एकटी? मी काय मेलो होतो?

जावयांना धरलं. म्हटलं, मी कुठे आहे?

"बाबा, दोन ठिपके होत होते. नजर विभागली जाते हो. मी हात केला, तुम्ही बाजूला झाला नाहीत. मग नंतर संगणकावर काढून टाकलं तुम्हाला."

"आणि माझ्या जागी काय?"

"गवत घेतलंय."

गवत! आणि चार शिकलेली माणसं पुढे उभी राहून माना डोलावतायत, काय एकाकीपणा आलाय म्हणे. माझ्या बायकोचा! जिचा हात माझ्या हातात होता!

मला वाटलं, आता ही जावयांची चामडी लोळवणार. पण कुठलं काय! घरी येऊन ही मला म्हणाली, मला एक लहान करून देणार आहेत, चौकट करा. मी म्हटलं, माझ्या घरात तो लागणार नाही. लागला. चौकट मीच केली, काच मीच बसवली.

आता कोणी आलं की ही त्याला भिंतीपुढे नेते. ठिपक्यावर बोट ठेवते, "ही मी." आणि शेजारच्या गवतावर बोट दाबून धरते, "आणि हे इथे आमचे हे." येणारा बघतो गवताकडे, मग बघतो माझ्याकडे... मी पेपर वर धरतो.

बोट टेकवून टेकवून त्या जागी काचेवर डाग पडलाय. घरातल्या काचा पुसायचं काम माझ्याकडे आहे. तेवढा डाग सोडून पुसतो. दुसरं काय आहे हो त्या फोटोत माझं?