किती वाजून?

—हात लावू नका सर, लांबूनच बघा! एकशेसत्तर व्होल्ट खेळत्यात ह्या घड्याळात. तुमी पार संगमनेरातनं तसलीच नळी हुडकून आणली, उपकार झाले, चहा घ्या — पण आधी मला सांगा, घड्याळापुढं नारळ फोडतं का कुनी? आमच्या दाजींनी फोडला! दसऱ्याला. मी म्हणलं दाजी, हळदकुंकू लावा, झेंडूचं फूल ठेवा, बास झालं. तर म्हणे, 'कल्याण, गणपतीपासून चालवतोस आन् अजून नारळ वाढवला न्हाई?' आन् वाढवला कुठं? बाहेर पायरीवर? न्हाई! ह्या टेबलाच्या लोखंडी कडेवर! करवंटीचा तुकडा उडाला तो थेट नळीवर. काच तडकली, आतला गॅस गेला, संपलं. वर दाजी काय म्हणत्यात — 'खोबरं गोड निघालं.' गोड! डोकंच फिरलं माझं. पण जावईमाणूस पडले, बोलायची सोय न्हाई, बहीण रुसून बसायची.

मोटर वायंडिंगवाला माणूस मी, मला कुठली असली कला? कारखान्याच्या भंगारात जुनं मोजणीचं यंत्र निघालं, त्यातल्या ह्या नळ्या. आत तारेचे आकडे एकामागं एक, लागंल तो निखाऱ्यागत पेटतो. आता बनत्यात का कुठं? हौस म्हणा — पण केलं आईसाठी. नजर अधू झाली तिची, भिंतीवरचं घड्याळ दिसंना, दिवसभर एकच — 'कल्याण, किती वाजलं रं?' हातात तार घ्यावी तर 'किती वाजलं?' लई वैताग! हे आकडे मात्र तिला खाटेवरनं दिसले. आपलं आपण वाचायला लागली. हाकच बंद.

आन् आता? तासाची नळी फुटली, मिनटाच्या शाबूत. बघा — वाजून वीस. किती वाजून? ते न्हाईच! आई तिकडनं वाचती, 'वाजून वीस', आन् वरडती, 'कल्याण, किती वाजून रं?' मग उठा, जा, सांगा. ती म्हणती बस जरा, मग कोण मेलं, कोणाची पोर दिली, सगळं निघतं — घड्याळ धड हुतं तवा सकाळी एक शब्द न् रातच्याला एक. घर कसं दवाखान्यागत झाल्तं, सर. मला वाटायचं मी लई मोठं काम केलं —

न्हाई, दाजींवरच राग हाय माझा! त्यांच्यावरच! त्या नळीला काय, पाच मिनटाचं काम, सोल्डरगन तापलेलीच हाय. द्या इकडं —

थांबा. ऐकलं?

आलो गं आई!

ठेवा ती नळी खोक्यात. घेऊन जा सर. जा म्हणतो ना!