‘कीप इन टच’मधला ‘कीप’

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले मुख्याध्यापक माननीय देवव्रत सर, व्यासपीठावरील संस्थेचे पदाधिकारी, आज निवृत्त होत असलेले सत्कारमूर्ती ढुंढिराज सर आणि जेवणाच्या वासाने ज्यांचं लक्ष केव्हाच उडालंय ते माझे सहकारी,

मी सविता, विज्ञान शिकवते. इंग्रजीच्या शिक्षकांबद्दल मी काय बोलणार? पण स्टाफरूममध्ये माझी खुर्ची सरांच्या शेजारी, त्यामुळे थोडंफार इंग्रजी कानावरून गेलंच. शिवाय सर रोज सकाळी आपल्या स्टाफ ग्रुपवर एक शब्द टाकायचे, अर्थ आणि वापरासकट. ‘लिंक’ झाला, ‘बाँड’ झाला, ‘रिलेटिव्ह’ झाला. ‘टच’च्या दिवशी मात्र सर चिडलेले होते. “निरोपाला सगळे म्हणतात, टचमध्ये राहू. अहो, मूळ वाक्यात आधी ‘कीप’ आहे. म्हणजे करत राहायचं. नुसतं म्हणून जेवायला पळायचं नाही.”

सर चिडले ते सावित्रीबाईंमुळे. आपल्या शिपाई, सुरगाण्याच्या. त्या निवृत्त झाल्या आणि त्याच संध्याकाळी त्यांना ग्रुपमधून काढलं. आपल्याकडे तशी पद्धतच आहे. ग्रुपवर कार्यालयीन सूचना येतात, बाहेरचं माणूस नको. दुसऱ्या दिवशी बाई फाटकाशी उभ्या. मला म्हणाल्या, “मॅडम, माझं काय चुकलं का? मला काहाडलं ग्रुपातून.” मी त्यांना नियम सांगितला. त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या. पुढे त्यांना फोन फक्त सर करत राहिले.

पत्नी मालिनीताई गेल्यापासून इंदिरानगरच्या घरी सर एकटेच असतात. मागे एकदा चहा पिताना म्हणाले, “सकाळी शब्द टाकला की चार जण अंगठा टाकतात. तेवढंच आमच्या घरातलं बोलणं.” हे ऐकल्यापासून मला आजच्या संध्याकाळची भीती वाटत होती.

म्हणून मी ठरवलं होतं, भर सभेत अध्यक्षांना विनंती करायची, की हा नियम एका माणसापुरता बाजूला ठेवा. शब्द जुळवून आले होते. मघाशी तुम्ही सगळे सरांना हार घालत होतात, तेव्हा मी फोन उघडला. सर, तुम्ही आज सकाळीच ग्रुप सोडलात. तुम्हाला काढताना आम्हाला अवघड वाटू नये म्हणूनच ना? आणि ‘सरांनी ग्रुप सोडला’ या ओळीखाली आमचं दिवसभर चाललंय, श्रीखंड ठेवायचं की जिलेबी. आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, सर. मला फार वाईट वाटतंय.

आता विनंती कसली करायची? संस्थेने बोलायची संधी दिली, स्वयंपाकाच्या ताई सकाळपासून राबल्या, सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात पायरी सुटली असेल तर अध्यक्षमहोदयांनी ते पोटात घालावं. सर, तुम्ही मात्र आम्हाला लगेच माफ करू नका.